न दुखणारा पाय

सोमवार, ४ मार्च

आज सकाळी सव्वाअकराला माझं आयुष्य बदललं. वेळ नक्की सांगता येते, कारण मी तेव्हा प्लास्टर कालवत होतो आणि प्लास्टर कालवताना एक डोळा घड्याळावर ठेवावाच लागतो — पाच-सहा मिनिटं झाली की त्याचा दगड होतो. आज झाला. बादलीसकट.

मास्तर म्हणाले, "निम्मेसाहेब, बादलीचा पुतळा उभारायचाय का?" कॉलेज निम्म्यात सोडून या कृत्रिम पायांच्या कारखान्यात आलो, म्हणून मी निम्मेसाहेब. एरवी डोकं फिरतं. आज नीट ऐकूसुद्धा आलं नाही.

ती कुबड्यांवर आली. मागे सासू. सासूच्या हातात एकच बूट, उजवा. नवा पाय करताना उंचीसाठी बूट लागतो, आम्हीच आणायला सांगतो. पण लोक पिशवीत घालून आणतात. म्हातारीनं तो छातीशी धरला होता.

मास्तरांनी टेप काढायच्या आधीच ती म्हणाली, "गुडघ्याखाली चौदा सेंटिमीटर उरलाय. मी मोजलाय. तुम्ही मोजाच, पण फरक पडायचा नाही."

मास्तरांनी मोजला. चौदा!

ती जमीन मोजणी खात्यात मोजणीदार आहे. उघड्या माळावर तिपाईवर यंत्र लावायचं आणि हद्दी मोजायच्या. सात महिन्यांपूर्वी मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. नवरा जागच्या जागी गेला. मागे बसलेली ही वाचली, उजवा पाय सोडून. हे सगळं सासूनंच सांगितलं, भाजीचा भाव सांगावा तसं. वर म्हणाली, "रडायचं ते घरी रडून आलोय. इथं चालायचं बोला."

सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. मी एकवीस. असू दे.

मंगळवार, ५ मार्च

कारखान्याची रीतच आहे — आलेली प्रत्येक बाई ताई, नाहीतर माई. तिला सगळे ताई म्हणतात. मी आज तीनदा तोंड उघडलं. तो शब्द काही बाहेर पडेना. शेवटी "अहो" म्हणालो. लोक बघायला लागले.

शुक्रवार, ८ मार्च

तिच्या खात्याचं पत्र वाचलं. (मला वाचायला दिलं नव्हतं. टेबलावर होतं.) तिची माळावरची जागा ३१ मेपर्यंत राखून ठेवलीय. तोवर आमच्या डॉक्टरांचा दाखला हवा. तीन रकाने आहेत — यंत्र घेऊन खडबडीत जमिनीवर चालते का, चढउतार करते का, आणि पडल्यास कुणाच्याही मदतीशिवाय उठते का. हो किंवा नाही. माळावर एकटं काम करायचं असतं, म्हणून तिसरा. एकही 'नाही' आला तर कचेरीत टेबल.

मास्तर म्हणाले, टेबल काय वाईट? ती म्हणाली, "दुसऱ्यांनी मोजलेल्या जमिनीचे नकाशे रंगवत बसू? त्यापेक्षा शिवणाचा क्लास काढते."

सासू म्हणाली, "तुला सुईत दोरा ओवता येत नाही."

आणि दोघी हसल्या! सात महिन्यांपूर्वी एकीचा मुलगा गेलाय, एकीचा नवरा. मला हसू येईना. मला तर काहीतरी फोडावंसं वाटत होतं — तो ट्रक, ते पत्र, काहीही.

आज साच्यासाठी तिच्या पायावर ओल्या प्लास्टरची पट्टी मी गुंडाळली. आम्ही उरलेल्या पायाला स्टंप म्हणतो. तिच्या बाबतीत तो शब्दही वापरवत नाही. गुडघ्याच्या वाटीखाली एक लाल वळ आहे, टाक्यांचा नाही, कशाचा ते माहीत नाही. "गार आहे रे," ती म्हणाली. मग नाव विचारलं. सांगितलं. तरी जाताना "बराय, प्लास्टर" असंच म्हणाली.

सोमवार, ११ मार्च

मास्तर उद्यापासून मोतीबिंदूच्या ऑपरेशनला. दहा-बारा दिवस येणार नाहीत.

जायच्या आधी तिचा साचा हातात घेऊन मला पुन्हा एकदा शिकवलं. पायावरून काढलेल्या पट्टीत प्लास्टर ओतलं की तिच्या पायाची हुबेहूब मूर्ती तयार होते. तिच्यावर प्लास्टिक ओढून सॉकेट करायचं — म्हणजे नव्या पायाचा तो खोलगट भाग, ज्यात उरलेला पाय बसतो. पण मूर्ती जशीच्या तशी वापरायची नसते. जिथे तासलं तिथे सॉकेट घट्ट धरतं. जिथे प्लास्टर चढवलं तिथे मोकळं राहतं. "नडगीचं टोक सोसत नाही, तिथं चढव. वाटीखालची शीर सोसते, तिथं तास, चांगलं तास. सगळी विद्या एवढीच — कुठं दुखवायचं आणि कुठं नाही."

आणि मग म्हणाले, "हिचा साचा आहे तसा ठेव. आल्यावर मी करीन."

म्हणजे तिचे दोन आठवडे गेले! मी म्हणालो, मला येतं. सहा साचे केलेत तुमच्या देखत.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," मास्तर म्हणाले. "इथं तर गुडघाही दुसऱ्याचा."

सगळे हसले. त्यांना काही कळलंय का?

गुरुवार, १४ मार्च

केला. मीच केला.

सकाळी साच्यावरचं फडकं काढलं, साचा शिकंज्यात धरला. नडगीवर प्लास्टर चढवलं — बरोबर. बाहेरच्या हाडाच्या गाठीवर चढवलं — बरोबर. मग वाटीखाली तासायला कानस घेतली. नेमका तिथेच तो लाल वळ. कानस फिरेना. थोडं तासलं, भुकटी पडली, आणि मला वाटलं मी तिलाच तासतोय. सात महिने हिनं काय कमी सोसलंय? थांबलो. तासलेलं पुन्हा भरलं. मग हात थांबलाच नाही — सगळीकडे एक पातळ थर दिला, दुधावर साय धरते तसा. पाण्याच्या हातानं गुळगुळीत केलं. इतका सुंदर साचा आजवर माझ्या हातून झाला नव्हता.

प्लास्टिक ओढणाऱ्या काकांनी विचारलं, मास्तरांनी बघितला का? "हो," म्हणालो.

खोटंच. पण कुणासाठी?

बुधवार, २० मार्च

उभी राहिली!! दोन दांड्यांच्या मधे, नव्या पायावर. डोळे मिटले. सगळे श्वास धरून. मी विचारलं, "दुखतंय?"

"नाही," म्हणाली. "अजिबात नाही."

असं बोलली की जणू माझ्या हातात काहीतरी ठेवलं.

शनिवार, ३० मार्च

चालते. काय चालते! आमच्याकडच्या व्यायामबाई (त्यांना सगळे मागून कवायत म्हणतात) कुणाचं कौतुक करत नाहीत. त्यासुद्धा म्हणाल्या की दहा दिवसांत दांडी सोडलेली बाई मी बघितली नाही. सासू रोज येते. आम्ही तिला आजी म्हणतो. स्वतःचे गुडघे धरत सुनेच्या मागून चालते आणि टोमणे मारते, "आधी मला मागं टाकून पळायचीस. आता तरी जोडीनं चाल." आज म्हणाली, "आमच्या दोघींत मिळून पाय तीन आणि धड गुडघे दोन." पुन्हा त्या दोघी हसल्या. आज मीही हसलो.

मास्तर आलेत, काळा चष्मा लावून. अजून धुरकट दिसतं, कामाला हात लावत नाहीत. तिला चालताना ऐकत बसले. बघत नाही — ऐकत. मग विचारलं, कुठे लागतं? ती म्हणाली, कुठेच नाही.

"कुठंच नाही?" मास्तर म्हणाले. "नव्या पायात कुठंच लागत नाही असं होत नसतं."

जळतात. चाळीस वर्षं पाय केले, आणि एका निम्मेसाहेबाचा पाय त्यांच्या पायाहून बरा निघाला. जळू देत. साचा कुणी केला ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. काकांनी केला असेल असं समजले बहुतेक.

मंगळवार, २ एप्रिल

तिला पत्र लिहिलं. साडेतीन पानं. फाडलं. आई म्हणाली, कागद फाडायचा आवाज येतोय, परत परीक्षेला बसतोस की काय? माझी आई आशा सोडत नाही.

कॉलेजचं आठवलं त्यावरून. वर्गातल्या एका मुलीबद्दल एक जण घाण बोलला, मी त्याचा दात पाडला. माफी माग म्हणाले. मागितली नाही, निघून आलो. तिला भेटलो तर ती म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं?" एवढंच. दोन वर्षं झाली. आजही हे आठवलं की कान गरम होतात. जगात आभार नाहीत.

ही तशी नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

ती पडली. बस थांब्यावर, फुटपाथ उतरताना. उरलेल्या पायाची चामडी फाटलीय. टाके.

बुधवार, १० एप्रिल

कवायतबाईंना वाटेल ते बोललो. एवढ्यात तिला एकटीला रस्त्यावर सोडलीत कशी, पगार कशाचा घेता — सगळ्यांच्या देखत. त्या म्हणाल्या, "झालं बोलून? ते स्टूल उचल." स्टूल मी कधी लाथाडलं मलाच माहीत नाही.

डॉक्टरांनी तीन आठवडे पायावर भार टाकायचा नाही म्हणून सांगितलंय. तीन आठवडे! पुन्हा कुबड्या. ३१ मे समोर येऊन ठेपलीय आणि मी काय करू शकतो? काही नाही. प्लास्टर कालवू शकतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

आज तिचा पाय कारखान्यात परत आला. मास्तरांनी सॉकेटमध्ये हात घातला. बोटं आत फिरवली. बराच वेळ. मग आत ओलसर काहीतरी लागलं ते बाहेर काढलं — मोजा. त्याखाली आणखी एक. त्याखाली आणखी एक. स्टंपवर एक मोजा घालतात. तीन होते.

"साचा आण," म्हणाले.

आणला. ते डोळे मिटून त्याच्यावरून तळहात फिरवत राहिले. मला वाटत होतं जमीन फाटेल तर बरं. वाटीखाली त्यांचा अंगठा थांबला. जिथे खळगा हवा तिथे गुळगुळीत.

"हा कुणी केला?"

मी सांगितलं.

ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी उलट ओरडलो असतो, ते मला जमतं. म्हणाले, "हा पाय नाही. ही उशी आहे." मग समजावलं, लहान पोराला समजवावं तसं. घट्ट कुठेच धरलं नाही, म्हणून पाय आत वरखाली होत राहिला. सपाट जमिनीवर खपून गेलं. पायरी आल्याबरोबर गर्रकन फिरला.

"तिला दुखवायला घाबरलास. घाबरणाऱ्यानं न्हावीसुद्धा होऊ नये."

मी म्हणालो, मला काढून टाका. ते म्हणाले, "काढीन. आधी तिला जाऊन सांग. ते काम मी करणार नाही."

शनिवार, १३ एप्रिल

गेलो. दोन खोल्यांचं घर. दारामागे तिपाई उभी, तिच्यावर आजीचा टॉवेल वाळत घातलेला. ती खाटेवर, पाय उशीवर. आजीनं चहा ठेवला. मी चहाच्या आधीच सांगून टाकलं, उभ्याउभ्या, एका दमात. काकांशी खोटं बोललो तेही.

आजी स्टोव्हपाशीच थांबली. पाठमोरी. म्हणाली, "थोबाडीत दिली असती. पण माझा खांदा वर होत नाही." आणि चहात साखर घातली.

ती छताकडे बघत होती. मला वाटलं आता रडेल, शिव्या देईल, काहीतरी करेल. ती म्हणाली, "मला माहीत होतं."

मला कळेना.

"पहिल्या दिवशीच कळलं सैल आहे. मापं घेण्यात आयुष्य गेलंय माझं, मला नाही कळणार? एक मोजा वाढवला. मग आणखी एक. बोलले नाही. सात महिन्यांत पहिल्यांदा काहीच दुखत नव्हतं रे. वाटलं, राहू दे चार दिवस."

मी काहीतरी बोलायला गेलो. तिनं हात वर केला.

"पण तुला कुणी सांगितलं होतं, न दुखणारा पाय कर म्हणून? मी चालणारा मागितला होता."

चहा प्यायलो. उभ्यानंच. बाहेर आलो आणि कुठे कुठे चाललो ते आठवत नाही. दोन पायांवर. फुकट मिळालेल्या.

रविवार, १४ एप्रिल

"तुला कुणी सांगितलं होतं?" दोघींचं वाक्य एकच. म्हणजे दोष त्यांच्यात नाही.

सोमवार, २२ एप्रिल

आठवडाभर गेलो नाही कामावर. वडील बोलत नाहीत, ते आधीपासूनच. आईनं आज ताट ठेवताना विचारलं, "कॉलेज सोडलंस, आता हेही?" आवाजात राग नव्हता. दमलेली होती. मला पहिल्यांदा दिसलं की तिनं दोन वर्षं माझ्याकडून काहीही मागितलेलं नाही.

दुपारी गेलो. मास्तर म्हणाले, "काढून टाकायचं विसरलो. बादली घे."

माझा तो सुंदर साचा त्यांनी फोडला नव्हता. हातोडा मला दिला.

सोमवार, ६ मे

टाके बरे झाले. पुन्हा पट्टी, पुन्हा साचा. या वेळी मास्तरांनी केला. मी फक्त कालवलं. वाटीखाली त्यांनी कानस अशी चालवली की मला बघवेना. बघितलं.

आज चढवून बघितला. ती उभी राहिली, तोंड वाकडं झालं, ओठ दातात धरला.

"दुखतंय?" मास्तरांनी विचारलं.

"दुखतंय."

"छान," मास्तर म्हणाले.

पंचवीस दिवस उरलेत. मी तिच्याशी बोलत नाही. काय बोलू? ती बोलते — "बादली भरली का रे, प्लास्टर?" असं काहीतरी. तेही नको वाटतं. तिनं चांगलं वागू नये माझ्याशी.

सोमवार, १३ मे

चालणं आलं. खडीवरसुद्धा. लंगडते, पण पाऊल रोवते. पहिल्या पायात ती तरंगायची. हे मला आता दिसतं.

आता पडायचे धडे. इथे हे सगळ्यांना शिकवतात — कुशीवर पडायचं, हात टेकायचा, चांगला गुडघा खाली घ्यायचा, उठायचं. बघणाऱ्या प्रत्येकानं हात पाठीमागे बांधायचे. हा कवायतबाईंचा कायदा. डॉक्टरांनाही लागू.

ती गादीवर पडली. आणि तशीच राहिली. बाई सांगत होत्या, हात टेका, हात टेका. ती ऐकतच नव्हती. डोळे उघडे. पाच मिनिटांनी बाईंनीच उठवलं.

पाय मजबूत, हात मजबूत. मग काय अडतंय? बाहेर बाकावर आजी बसली होती. मी तिच्या शेजारी बसलो. बसू दिलं. मग आपणहूनच सांगायला लागली. त्या दिवशी रस्त्यावर दोघं पडले होते, मधे हातभर अंतर. कुणीतरी येऊन उचलेपर्यंत पाऊण तास गेला. तिला हलता येत नव्हतं. पाऊण तास ती त्याच्याकडे बघत होती. "खाली पडली की तिला तो दिसतो," आजी म्हणाली. "मलाही बघायचाय. मला नाही दिसत."

हे लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं.

गुरुवार, १६ मे

आज पुन्हा तेच केलं मी. हात दाखवून अवलक्षण!

ती खाली पडलेली. तेच उघडे डोळे. एक मिनिट, दोन मिनिटं. कुणीच हलेना, सगळे हात बांधून उभे, देवळातल्या खांबांसारखे. मला सहन झालं नाही. धावलो आणि काखेत हात घालून उचललं. हलकी आहे, फार हलकी. उभी राहिल्यावर तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

कवायतबाईंनी मला कोपऱ्यात घेतलं. मी तोंड उघडायच्या आधीच म्हणाल्या, "त्या दिवशी तिनं काय केलं? कुणीतरी उचलेपर्यंत पडून राहिली. आज काय केलं? तेच. तू तिला पुन्हा तिथंच नेऊन ठेवलंस. उचललंस म्हणजे वाचवलंस असं वाटतं ना तुला?"

भांडायला काही नव्हतं.

मंगळवार, २१ मे

डॉक्टर आले. ते फक्त मंगळवारी येतात. पहिला रकाना हो. दुसरा हो. तिसऱ्याला ती सात मिनिटं पडून राहिली आणि शेवटी बाईंच्या दिशेनं हात पुढे केला.

डॉक्टरांनी पेन उघडलं होतं. मास्तर म्हणाले, अजून एक मंगळवार आहे. पेन बंद झालं.

मी आज कोपऱ्यात होतो, दोन्ही हात पट्ट्यामध्ये खोचलेले. सातही मिनिटं. असं वाटलं की कुणीतरी मलाच साच्यात घालून ओतलंय.

शुक्रवार, २४ मे

आजीला विचारलं, घरी सराव करते का? म्हणाली, करते. रोज सकाळी ती फरशीवर पडते. उठत नाही. मग आजी काय करते? तीही तिच्या शेजारी खाली बसते. आडवी होते.

"मग मला उठता येत नाही. माझे गुडघे कधीच गेले. दोघी पडलोय, दार बंद, हाक मारायला कुणी नाही. थोडा वेळ जातो. मग तीच म्हणते, आई, आता तुम्हाला कोण उचलणार? आणि उठते. मला उठवायला उठते." आजीनं पदरानं नाक पुसलं. "स्वतःसाठी नाही उठत अजून."

मी म्हणालो, मंगळवारी तुम्ही तिच्या शेजारी झोपा ना! डॉक्टरांना सांगतो मी.

आजीनं माझ्याकडे बघितलं, वेड्याकडे बघतात तसं, पण मायेनं. "माळावर मी असणारे का रे, बाळा?"

रविवार, २६ मे

मी तिच्यासाठी काहीच करू शकत नाही. पन्नासदा लिहून बघितलं, वाक्य तेच राहतं. कानस नको, हात नको, भांडण नको, पत्र नको. प्रेम म्हणजे काहीतरी करणं असं मला वाटायचं. इथे करण्यासारखं काही नाहीच. मग आतलं हे सगळं कुठे ठेवायचं?

सोमवार, २७ मे

उद्या कामावर जाऊ नये असं ठरवलं. मग जायचं ठरवलं. मग पुन्हा नाही. आई म्हणाली, "तुझं ते दार नीट लाव तरी, नाहीतर उघड तरी. मधेच धरून उभा राहू नकोस."

मंगळवार, २८ मे

कारखान्याच्या पायरीवर बसून लिहितोय. अक्षर वेडंवाकडं येतंय.

यंत्र खांद्यावर घेऊन ती खडीवरून गेली, उतारावरून खाली आली. दोन्ही रकाने हो. मग हॉलमध्ये तिसरा. तिच्या खात्याचा माणूस, डॉक्टर, मास्तर, बाई, आजी, मी. सगळ्यांचे हात पाठीमागे. ती पडली, शिकवल्याप्रमाणे, कुशीवर. आणि तशीच राहिली. गाल जमिनीला. डोळे हातभर अंतरावर कुठेतरी. डॉक्टरांनी घड्याळ बघितलं. आजीनं डोळे मिटून घेतले. माझे हात पाठीमागून कधी सुटले ते मला कळलं नाही. एक पाऊल पुढे पडलंसुद्धा होतं.

तिनं मान वळवली. त्या हातभर अंतरावरून नजर सोडवून घेतली आणि माझ्याकडे बघितलं.

"तू नको," म्हणाली. मग एक श्वास घेऊन, "बाहेर थांब. मी येते."

मी वळलो. मागे बघितलं नाही. बाहेर आलो आणि दार लावून घेतलं.